सातव्या होलचा वारा

पोर्टस्केल, स्कॉटलंड
२ मार्च

प्रिय म्युरडो,

काल फोनवर तू पुन्हा सगळी सहल आखलीस. मे महिन्यात टोरांटोहून निघायचं आणि पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी आपल्या किनाऱ्यावर गोल्फ. "सातव्या होलवर अजून तसाच वारा असतो का गं? यंदा एकही चेंडू समुद्रात घालवणार नाही, बघ!" मी म्हटलं, "चाळीस वर्षं हेच ऐकतेय. पिशवीभर चेंडू घेऊन ये."

सातवं होल राहिलं नाही रे. जानेवारीच्या वादळात वाळूची टेकडी खचली आणि अख्खी हिरवळ समुद्रात गेली. आज ओहोटीला मी तिथे खाली जाऊन उभी राहिले. धुक्यात खडकांवरचे सील प्राणी गुणगुणत होते. वाळूत तुझा एक जुना चेंडू सापडला, ओळखीसाठी तू काढायचास तो निळा ठिपका अजून अंगावर असलेला.

डॉक्टरांनी तुला विमानात बसायला मनाई केलीय, हे तुझ्या लेकीने मला केव्हाच सांगितलंय. तू बोलला नाहीस, मीही नाही.

हे पत्र खणातच राहील. धाडायच्या पत्रात एवढंच लिहिलंय: सोळा मे, सकाळी नऊला गोल्फच्या मैदानावर दोघांची वेळ राखून ठेवलीय. सातव्यावर वारा तसाच आहे.

त्यात खोटं काहीच नाही.

तुझी बहीण,
एफी