मीराभाईंसाठी वाजलेल्या टाळ्या

प्रिय गौहर,

प्रिय लिहायला हात धजत नव्हता. पण लग्न होऊन कुरुळीत आले तेव्हा घरात गॅस येईपर्यंत माझ्या भाकरी तुझ्याच शेगडीवर भाजल्या, म्हणून लिहिते.

गेल्या रविवारी तू मला काळेवाडीच्या हॉलवर नेलंस. जरा बाहेर पड, चार बायका भेटतील, एवढंच म्हणालीस. कॅप्सूल विकायची मीटिंग आहे हे बोलली नाहीस. टाय बांधलेला तो कुलदीप सर स्मरणशक्तीची बाटली उंच धरून नाचवत होता. मला म्हणाला, ताई, उदास दिसता, त्यासाठी आपल्याकडे वेगळी बाटली आहे. माझा नवरा गेलाय, गौहर. त्यावर बाटली नसते.

मग तू तुझ्या नवऱ्याला, मीराभाईंना स्टेजवर चढवलंस. आमचे हे सगळं विसरायचे, आता बघा, म्हणत त्यांच्या हातात माइक दिलास. त्यांनी समोर मला पाहिलं, चेहरा उजळला. 'साबियाभाभी, उमरला सांगा, उद्या फर्स्ट शिफ्ट आहे. कंपनीची बस चुकवू नको म्हणावं!' नाव आठवलं, शिफ्ट आठवली, बस आठवली. हॉल टाळ्यांनी दणाणला. तूही वाजवल्यास. माझ्या नवऱ्याच्या, उमरच्या मय्यतीला शेवटची आंघोळ घातली ती मीराभाईंनी. कबरीत उतरून त्याला खाली ठेवलं तेही त्यांनीच. तुला हे माहीत होतं, तरी तू हसत टाळ्या वाजवल्यास!

स्मरणशक्तीची ती बाटली मी घरी आणून वाचली. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण हातात येईल ते वाचायची खोड आहे. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलंय, हे औषध नाही. मीराभाईंना तपासून डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? रक्त तपासा, डोक्याचा स्कॅन काढा. कधी साध्या व्हिटॅमिनच्या कमतरतेनंही माणूस विसरायला लागतो, ते भरून निघतं; तसं नसेल तर निदान काय आहे ते कळेल. तूच मला सांगितलंस हे. तपासणी तर केली नाहीसच, वर त्यांची बीपीची गोळी बंद केलीस. म्हणे, नॅचरल असताना केमिकल कशाला!

तू घाबरलीस, हे मला समजतं. रोज सोबत जेवणारा माणूस डोळ्यांदेखत परका होत चाललाय, आणि कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं की बरा होईल. मीही फसले असते. पण मी त्यांचा तमाशा केला नसता.

आता आजच का लिहिते ते ऐक. सकाळी दार वाजलं. दारात मीराभाई. अंगात कंपनीचा जुना शर्ट, एका पायात चप्पल, दुसरा पाय रक्ताळलेला. तुमच्या निघोज्याच्या घरून इथं कुरुळीपर्यंत कंटेनरच्या रांगांमधून एकटे चालत आले. तुझा फोन बंद, म्हणजे तू हॉलवर. पाय धुऊन हळद लावलीय, आत पोहे खातायत. शेजारचा अजिम रिक्षा घेऊन हे पत्र तिथेच तुझ्या हातात देईल. त्याच रिक्षात बस, वाटेत घरून डॉक्टरांची चिठ्ठी आणि त्यांच्या जुन्या गोळ्या घे. इथून आपण तिघं थेट दवाखान्यात. तू आली नाहीस, तर मी एकटी नेईन. आणि डॉक्टर विचारतील त्याचं खरं उत्तर देईन.

चिडलेली, तरी तुझीच,
साबिया