बाबांच्या पाठीतली नळी

प्रिय ताई,

फोनच केला असता, पण तुझा फोन बाबांच्या उशाशी असतो आणि पडल्या पडल्या त्यांना पलीकडचंही सगळं ऐकू येतं. म्हणून लिहितोय. सातवीत शाळा सोडल्यापासून एवढं कधी लिहिलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. कागदांचे फोटो काढून पाठवतो, तू स्वयंपाकघरात जाऊन वाच. दार लावून घे.

आज सुट्टी आहे. खोलीतले पाचही जण बाहेर गेलेत. "चल की रे," म्हणाले, मी नाही गेलो. सहा खाटा, सहा बादल्या आणि मी. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धुतंय, तेवढाच आवाज. इथे "जेवलास का" असं कुणी विचारत नाही, "कितवा मजला झाला?" एवढंच विचारतात. अकरावा चाललाय. भिंतीत झिरी मारायची, पाण्याचे पाईप टाकायचे, बुजवायचं, पुढच्या भिंतीकडे जायचं. मी दोन वर्षं टिकलो असं हे पहिलंच काम. बाबांना अजून खरं वाटत नसेल. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता म्हणायचे ना, "आमच्या भिंगरीला या खुर्चीत दहा मिनिटं बसवून दाखवा, तुमची दाढी फुकट करतो." मी मागून आरशात बघून दात काढायचो. चाळीस वर्षं त्या माणसानं गावाला खुर्चीत बसवलं, आणि आता कमरेच्या हाडात कॅन्सर शिरल्यापासून त्यांनाच बसता येत नाही.

डॉक्टरांचा तू पाठवलेला कागद मी ओळीवर बोट ठेवून वाचला. चार दिवस लागले, पण कळलं, शेवटी नळ्याच त्या. गोळ्यांनी दुखणं आवरत नाही, आणि वाढवल्या की उलट्या होतात, बाबा तुला आई समजून हाका मारतात. म्हणून तेच मॉर्फिन थेट कण्यापाशी सोडायचं. त्याच्या दोन तऱ्हा. कण्याच्या आत पाण्याची एक पिशवी असते म्हणे. एका तऱ्हेत बारीक नळी त्या पिशवीच्या बाहेर ठेवायची, औषध आणि पंप अंगाबाहेर. पटकन होतं. पण औषध पडद्यातून झिरपत आत जाणार, म्हणून जास्त लागतं, आणि महिने गेले की नळी तुंबू शकते, जंतू शिरू शकतात. दुसऱ्या तऱ्हेत नळी थेट आतल्या पाण्यात, म्हणून औषधाचा दहावा हिस्साही पुरतो. पंप पोटाच्या कातडीखाली पुरायचा, अधूनमधून सुईनं भरायचा. मात्र त्याला ऑपरेशन. तू डॉक्टरांना विचारलंस, "यातलं चांगलं कुठलं?" तर ते म्हणाले, "दोन्हींनी बऱ्याच जणांना आराम पडतो. अमकंच सरस असं छातीठोक सांगता येत नाही. माणूस बघून ठरवायचं."

मग तू मला म्हणालीस, "नळ्यांचं तुला कळतं, तूच सांग." आणि मी शहाणा! "उघडी लाईन म्हणजे तात्पुरतं काम, ताई. भिंतीतली लाईन पक्की. पोटातलाच पंप बसवा." काय तो तोरा. आयुष्यात पहिल्यांदा घरातल्या कुणीतरी मला काही विचारलं होतं, म्हणून छाती फुगली असेल. तू ऐकलंस. मग ऑपरेशनपुरतं रक्त वाढेना. तारीख पुढे गेली, परत पुढे गेली. मी ते बोललो त्याला आज सतरा दिवस झाले. मधे डॉक्टरांनी दोनदा बाहेरची नळी सुचवली, दोनदा तू मला विचारलंस, आणि दोनदा मी म्हटलं, "थांब जरा, पक्कंच करू."

परवा तू फोनवर होतीस आणि मागून आवाज येत होता. मी विचारलं, "कुत्रं पाळलंस की काय?" तू म्हणालीस, "बाबा आहेत." आणि लगेच पाणी आलं का, कपडे कोण धुतं, असलं काहीबाही विचारत बसलीस. मीही उत्तरं देत बसलो. काल कामावर झिरी मारता मारता मशीन बंद केलं आणि तिथेच खाली बसलो. मुकादम म्हणाला, "काय रे, कंबर धरली?" मी म्हटलं, "हो."

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. पहिली तारीख चुकली तेव्हा नवा स्कॅन झाला होता, आठवतं? त्या संध्याकाळी तू औषधं आणायला गेली होतीस आणि डॉक्टरांचा मला फोन आला. म्हणाले, "सहा ते आठ आठवडे. ताईंना तुम्हीच सांगा, त्या एकट्या आहेत." मी हो हो म्हटलं आणि तुला सांगितलं नाही. कागदावर होतं, पोटातला पंप ज्याचं आयुष्य तीन महिन्यांच्या वर आहे त्यालाच बसवतात. माझी सुट्टी तीन महिन्यांनी आहे. मला वाटलं, तो पंप बसला की बाबांना तीन महिने मिळालेच. पहिल्यांदा बोललो ते अडाणीपणानं. नंतरचं दोन्ही वेळचं "थांब जरा" मात्र सगळं माहीत असून. तू मला काय म्हणायचं ते म्हण, पण आधी उद्या सकाळी जाऊन सांग, बाहेरची नळी बसवा, आजच्या आज बसवा. सही तू कर. मी मुकादमाकडे सुट्टी मागतोय, नाही दिली तरी निघतोय, पण माझ्यासाठी एक दिवसही थांबवू नका. आठवड्यांचं बाबांना सांगायचं की नाही ते तू ठरव. मला जमलं नाही ते तुझ्या गळ्यात टाकतोय, हे कळतंय मला. आणि नळी बसल्यावर बाबांना पहिल्यांदा सलग डोळा लागला की फोन करू नकोस, आवाज होईल. नुसतं लिहून पाठव: झोपले.

तू बोलली नाहीस तरी तुझाच,
धाकटा