फुटपाथवरची खुर्ची

आदेमार,

दुपारची पाळी आहे, बारवर निघाले. मसूर गरम करून घे.

फ्रिजवर पाकीट ठेवलंय, त्यात माझ्या छातीचा एक्स-रे आहे. दचकू नकोस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फुप्फुसं स्वच्छ आहेत, खोकला नुसता धुराचा. आधी सांगितलं असतं तर काळजीनं तू आणखी दोन पाकिटं फुंकली असतीस.

सोमवारी बारमध्ये सिगारेटबंदीचा नवा कायदा लागला आणि तिथल्या पत्त्यांच्या डावातून मी पहिलं तुलाच बाहेर काढलं. "ओढणाऱ्याला काही हक्क आहेत की नाही?" म्हणून चारचौघांत ओरडलास, आणि तेव्हापासून घरात तोंड शिवून बसलायस. आहेत रे बाबा हक्क! पण एकोणीस वर्षं त्या बारमध्ये मी एकही सिगारेट पेटवली नाही, आणि तुम्हा सगळ्यांच्या ओढल्या.

बारच्या दाराबाहेर फुटपाथवर तुझ्यासाठी खुर्ची टाकलीय, नदीवरचा वारा लागत नाही तिथे. संध्याकाळी ये. सगळ्यांत फिरतो तो माझाच येर्बाच्या चहाचा कप बाहेर आणून देईन. कप परत करताना मात्र आभार मानू नकोस. आभार म्हणजे 'आता पुरे', आभार मानणारा चहाच्या फेरीतून उठतो, आणि मला तू अजून पुष्कळ फेऱ्या हवा आहेस.

नील्दा