देवाचे ओठ हलले तेव्हा

बाबा, परवा डॉक्टरांनी मला समोर बसवलं आणि माझं ऑपरेशन करायचं की नाही ते मीच ठरवावं म्हणाले. पोरं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला एकदम आपल्या धाड गावातला सिनेमाचा तंबू आठवला.

तेव्हा सिनेमे मुके होते. बाजाराच्या दिवशी तंबू लागायचा. पडद्याच्या डाव्या बाजूला उभे राहून तुम्ही सगळ्यांच्या तोंडचं बोलायचात, राजाचं, राक्षसाचं, देवाचंही. देव आला की लोक पायातलं काढून हात जोडायचे, नारळ फुटायचे. त्याच आठवड्यात मला सुलतानपूरचं स्थळ आलं होतं, आणि मला मास्तरीण व्हायला अमरावतीला शिकायला जायचं होतं. जायचं होतं आणि भीतीही वाटत होती. आईनं तोडगा काढला. पदराखाली नारळ घेऊन ती मला खेळाला घेऊन आली आणि तुम्हाला बजावलं, "आज देव जे सांगन, तोच पोरीचा कौल." उजवी वाट सुलतानपूरची, उरलेली अमरावतीची. देवाचा आवाज तुमचाच, हे तिला का माहीत नव्हतं? पण कौल म्हणजे कौल.

पडद्यावर भक्त दोन वाटांच्या मध्ये उभा आहे. कुठल्या वाटेनं जाऊ, म्हणून विचारतो आहे. देव प्रकटतो. दर खेळाला तुम्ही इथं उजवीकडे जा म्हणायचात. मी आईचा हात घट्ट धरते. देवाचे ओठ हलतात आणि तुम्ही गप्प. ओठ हलतच राहतात, तंबूत नुसती मशीनची खटखट. इतकी मी पुढं कधीच भ्याले नाही, तुम्ही गेलात तेव्हासुद्धा नाही. मागून कुणीतरी विचारलं, देव काऊन बोलत नाही बे? तेव्हा तुम्ही हळूच म्हणालात, "देव काहीच सांगून नाही राह्यला. आता याचं यालेच ठरवा लागते."

आईनं नारळ तसाच घरी आणला आणि तुमच्याशी अबोला धरला. मी रडत विचारलं, चुकलं तर? "चुकलं तं तुयं चुकन," तुम्ही म्हणालात. "पन मी तुया देव नाही होत, माय."

मी अमरावतीला गेले. बरं केलं की वाईट, ते अजून कळलेलं नाही. दुसरी वाट कुणी पाहिली? लोक मला धीराची समजतात. धीर कसला, बाबा, सांगणारं कुणी नव्हतं.

उद्या डॉक्टरांना उत्तर द्यायचं आहे. हा कागद कुठं धाडणार, उशीखालीच राहील. एवढं मात्र कबूल करते. परवा डॉक्टरांचे ओठ हलत होते, आणि मी त्यांच्या डाव्या बाजूला बघत होते. तिथं नुसतं औषधांचं कपाट होतं.