काटा हिरव्यावर होता

तळवडे
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय ज्योतीरामकाका,

सविनय जयभीम.

तुमची नि काकूंची तब्येत बरी असेल असं धरून चालते. आमच्याकडे सगळे बरे आहेत. बाबांचा गुडघा थंडीत धरतो, तरी रोज चौकापर्यंत चालून येतात. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. कोंडीराम तुमच्याच राजगुरुनगरहून कंपनीच्या बसने येतो, त्याच्या हाती देते आहे. पाकीट डिंकाने बंद करून जोडावर आडवी सही केली आहे. सही तुटलेली दिसली तर कळवा. सध्या कंपनीत कोण कोणासाठी काय वाचतं, याचा भरवसा वाटत नाही.

भीमराजच्या पावलाचं ऑपरेशन झालं. दोन सळ्या घातल्या आहेत. तीन महिने पाय टेकवायचा नाही. शुद्धीवर आल्यावर त्याने आधी तुमचीच चौकशी केली म्हणे, "काकांना लागलं नाही ना?"

शुक्रवारची सकाळ मी पुन्हा पुन्हा आठवते. शीतगृहाचं दीडशे किलोचं पॅनेल तुम्ही गोचिडाने उचललं. (नानासाहेबांसमोर मी 'व्हॅक्यूम लिफ्टर' म्हणते. पण चार रबरी तोंडांनी पत्र्याला चिकटून बसणाऱ्या त्या यंत्राला तुम्ही हे नाव दिलंत आणि आता मला दुसरं सुचत नाही.) आडवं होतं तोवर ठीक होतं. रॅकमध्ये लावायला उभं केलंत आणि ते सरळ खाली घसरलं, भीमराजच्या पावलावर.

तुम्ही सांगितलंत, हवेची ओढ दाखवणारा काटा हिरव्यावर होता आणि भोंगा वाजला नाही. नानासाहेब म्हणतात, "हवा सुटल्याशिवाय पॅनेल सुटत नाही आणि हवा सुटली की भोंगा वाजतोच. यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो." ते प्लांटचे प्रमुख, तुम्ही निलंबित, आणि अहवाल लिहायचा मी. म्हणून विचारते, राग मानू नका.

भोंग्यावर काळी चिकटपट्टी सापडली. ती तुम्ही लावलीत का? आवाजाने कान किटतात असं तुम्ही एकदा म्हणाला होता, ते मला आठवतं. रोज पहिलं पॅनेल वीतभर उचलून पाच मिनिटं काट्याकडे बघत थांबायचं असतं. त्या दिवशी थांबलात, की गुरुवारच्या ऑडिटमुळे माल तुंबला होता म्हणून घाई केलीत? बॅटरी रात्रभर चार्जिंगला होती का? वहीत 'ठीक' तुमच्याच अक्षरात आहे, पण वेळ लिहिलेली नाही. भीमराज धोक्याच्या पिवळ्या रेषेच्या आत का उभा होता?

बुधवारी संध्याकाळी ऑडिटसाठी सगळं धुऊनपुसून झालं, तेव्हा यंत्र नव्यासारखं होतं. हे मी स्वतः पाहिलं आहे. म्हणजे जे काही बिघडलं ते त्यानंतर.

तुम्ही मला यंत्र शिकवलंत, म्हणून मी तुम्हाला वेगळा न्याय लावू शकत नाही. हे तुम्हाला पटेल अशी आशा आहे.

आपली नम्र,
आम्रपाली
प्रशिक्षणार्थी सुरक्षा अधिकारी


तळवडे
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

आदरणीय काका,

जयभीम. काकूंनी पाठवलेलं हुलग्याचं पीठ मिळालं. आईने त्याच रात्री शेंगोळे केले. एवढं झाल्यावरही तुमच्या घरून पिशवी आली, म्हणून मला वाढताना आईने माझ्याकडे बघितलं नाही.

कोंडीरामने तुमचा निरोप दिला. "साहेबांना म्हनावं, पत्र पोचलं, सही शाबूत हाय. पुढच्या टायमाला पोलीसच पाठवा, टपाल तरी वाचंल." सांगताना तो हसत होता. मला हसू आलं नाही. तीन प्रश्नांची उत्तरं त्याने आणली. तुम्ही पाच मिनिटं थांबला होतात. बॅटरी चार्जिंगला होती. भीमराजला तुम्ही बाजूला हो म्हणाला होतात आणि तो होतच होता, तेवढ्यात पॅनेल आलं. चिकटपट्टीबद्दल मात्र एकच वाक्य, "मी न्हाई लावली." ज्याला लपवायचं असतं तोही असंच एक वाक्य बोलतो, असं माझ्या मनात आलं. तुम्हाला फसवून गोड लिहिण्यापेक्षा हे लिहिलेलं बरं.

मी फक्त तुमच्यावर संशय घेते असं समजू नका. प्रज्वलवरही घेतला. मेंटेनन्सच्या वहीत त्याने जानेवारीचे सगळे आठवडे एकाच पेनने, एकाच बैठकीत भरलेले दिसतात. यंत्राच्या हवेच्या गाळणीची वाटी साफ केल्याची सही आहे, पण वाटीत बोटभर धूळ होती. मी विचारलं तर म्हणाला, "मॅडम, पाण्याच्या कूलरची पण चौकशी करा. तो पण त्या दिवशी तिथंच उभा होता." सगळे हसले. धूळ असली तर हवा कमी ओढली जाते, मग काटा हिरव्यावर जाणारच नाही, हेही त्याने सांगितलं. ते खरं आहे. पण खरं बोलणारा माणूस एवढ्या लगेच बोलतो का?

भीमराजला बघायला गेले होते. तो म्हणाला, "ताई, काटा मी पण बघितला. हिरव्यावर होता." तुम्ही त्याच्या मुलीच्या बारशाला गावाहून तुपाचा डबा आणला होतात, तेव्हा तो तुमच्याच बाजूने बोलणार. त्याची साक्ष मी नोंदवली. पुढे 'चालकाशी घरोबा' असंही लिहिलं.

कस्तुरामावशी हल्ली मला टाळतात. मी दिसले की बादली उचलून दुसऱ्या बाजूला जातात. बुधवारी साफसफाई त्यांच्याकडे होती. धुताना त्यांनी यंत्राला काय केलं कोणास ठाऊक. त्यांना विचारायला हवं. त्या कंत्राटी आहेत, यंत्रातलं त्यांना काय कळणार.

नानासाहेब शुक्रवारी स्वतः माझ्या टेबलाशी आले. "आम्रपाली, 'चालकाचा निष्काळजीपणा' एवढं पुरे आहे. फार खोलात जाऊन काय मिळणार? मार्चमध्ये तुमची कायमची ऑर्डर निघायची आहे ना?" आवाज अगदी मायेचा होता. त्यांना कशाची भीती वाटते, हे मी शोधणार आहे. ऑडिटला आलेल्या ग्राहकाने आपल्याला पूर्ण गुण दिलेत. त्या गुणांना धक्का नको असेल.

अहवालाला फोटो जोडले आहेत. सात काढले होते, सहा लावले. एक हलल्यासारखा आला होता.

मला पदवी मिळाली तेव्हा तुम्ही अख्ख्या शिफ्टला पेढे वाटले होते आणि बाबांना म्हणाला होतात, "आता तुमच्या घरात साहेब आला." बाबा अजून ते सांगतात. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे ट्रक भरले. काय झालं तर सही करायला त्यांच्यापुढे कागद यायचा आणि त्यात काय लिहिलंय हे कोणी वाचून दाखवायचं नाही. कागद लिहिणाऱ्यांमध्ये आपलं एक माणूस हवं, म्हणून मी हे शिकले. चौकशी सोमवारी, चोवीस तारखेला आहे. मी कागद नीट लिहिणार आहे. कोणालाही सोडणार नाही.

आपली,
आम्रपाली


तळवडे
शनिवार, २२ फेब्रुवारी २०२५

काका,

या वेळी पाकिटावर सही केलेली नाही. कोणी वाचलं तर वाचू दे.

सोमवारी संध्याकाळी कस्तुरामावशींना मी पार्किंगमध्ये गाठलं. चिकटपट्टी कोणी लावली, असं दरडावूनच विचारलं. त्यांनी बादली खाली ठेवली.

"म्या लावली. तुमीच म्हनला न्हवं, पानी जाईल आत, पट्टी लावा. मंग काडायची ऱ्हायली."

"आणि मला चुकवत का होता?"

"तुमाला न्हाई चुकवत. तुमी त्या बाटलीचं विचारताल आन् माज्याच गळ्यात घालताल, म्हून. तुमीच म्हनला व्हता, मावशी, गोचिडाचं तोंडबी चकाकलं पायजे. आमी काय, साहेब बोलतील तसं पुसतो. माझं काम गेलं तर पोरीची फी तुमी भरनार हाय का?"

काका, ती बाटली निगडीहून मीच आणली होती. गाडीच्या टायरला लावायचं काळं पॉलिश. बुधवारी संध्याकाळी चारही रबरी पॅड धुऊनही भुरकट दिसत होते आणि ग्राहकाचे लोक सकाळी येणार होते. पहिला पॅड मी माझ्या हाताने पुसून दाखवला आणि उरलेले तीन मावशींना सांगितले. खूप छान दिसत होते. मी फोटो काढून बाबांना पाठवला, 'हे माझं यंत्र'.

गुरुवारी पाहुण्यांना दाखवायला पॅनेल फक्त आडवंच उचललं, म्हणून निभावलं. शुक्रवारी तुम्ही ते उभं केलंत.

काटा फक्त एवढंच सांगतो की हवा किती ओढली आहे. आडवं पॅनेल त्या ओढीवर राहतं. उभं पॅनेल राहायला रबराने पत्र्याला घासून धरावं लागतं, आणि मी रबर गुळगुळीत करून ठेवलं होतं. हवा सुटली नाही. पॅड चिकटलेले होते आणि पॅनेल त्यांच्याखालून निसटलं. म्हणून काटा हिरव्यावर होता. म्हणून भोंगा गप्प होता. पट्टी असती नसती तरी तो वाजला नसता.

हे मी नुसतं म्हणत नाही. अपघातापासून यंत्र लाल फीत लावून बंद होतं, पॅडवर पॉलिश तसंच होतं. मंगळवारी प्रज्वलला बोलावलं. भंगारातलं पॅनेल घेतलं, खाली लाकडी ठोकळे रचले, दोघं लांब उभे राहिलो आणि पॅनेल चार बोटं वर उभं धरलं. काटा हिरव्यावर. मी मनात सोळा मोजले आणि ते खाली सरकून ठोकळ्यांवर बसलं. मग साबणाच्या पाण्याने चारही पॅड तीनदा धुतले, कोरडे केले, पुन्हा तेच पॅनेल. चहाची सुट्टी संपेपर्यंत तसूभर हललं नाही. प्रज्वलने धुतलेल्या पॅडवरून बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "मॅडम, आता माझ्यावरचा संशय संपला, का अजून थोडा बाकी आहे?" मी माफी मागितली. तो म्हणाला, "वही मी एकाच दिवशी भरली होती, ते खरंय. ते पण लिहा." मी लिहिलं आहे.

यंत्राचं पुस्तक इंग्रजीत आहे म्हणून मी मराठीत दहा नियमांचा फळा करून लावला, तो तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तो रोज वाचायचात. पुस्तकात अकरावा नियम आहे, पॅडवर तेल, पॉलिश किंवा रबर चमकवणारं काहीही लावू नये, उचललेला माल घसरतो. फळ्यावर दहाच मावत होते. असं कोण करणार, असं वाटून मी तो गाळला. असं करणारी मीच निघाले. गाळताना मला त्याचा अर्थ पक्का कळला होता, हेही खरं आहे.

आणि तो सातवा फोटो. तो हललेला नव्हता. पडलेल्या पॅनेलच्या पत्र्यावर चार काळसर ओघळ होते. वर गोल आणि खाली हातभर ओढलेले, ओल्या भिंतीवरून हात घसरावा तसे. ते टिपायला मी गुडघ्यावर बसले होते, तेव्हा माझ्या बोटाला पॉलिशचा वास आला होता. भीमराजला गाडीत घालत होते. तुम्ही त्याचं डोकं धरून उभे होतात. मी बोट ओढणीला पुसलं आणि उठले. त्यानंतर दोन रविवार मी तुम्हाला प्रश्न विचारत राहिले.

काल नानासाहेबांना लेखी जबाब दिला. फोटो जोडला, चाचणीची नोंद जोडली, मावशींनी माझ्या सांगण्यावरून पुसलं असं स्पष्ट लिहिलं. त्यांनी वाचला, चष्मा काढला. "हे परत घ्या. तुम्ही पोरवयात आहात, घरात कमावणारं कोणी नाही. ज्योतीरामचं मी नंतर बघतो, त्याला कुठेतरी चिकटवू. ग्राहकाला कळलं की त्यांच्या ऑडिटसाठीच पॉलिश मारलं होतं, तर हा प्लांट राहील का?" मी परत घेतला नाही. त्यांनी तो खणात ठेवला. फाइलमध्ये नाही, खणात. पोच मागितली तर म्हणाले, सोमवारी बघू.

घरी सांगितलं. आई रडली. बाबांनी विचारलं, "भीमराजला सांगितलंस?" सांगून आले होते. तो म्हणाला, "ताई, जरा एकटं राहू द्या." मी बाहेर बाकावर बसले आणि मग घरी आले. हे ऐकून बाबा म्हणाले, "मग आता ज्योतीरामला लिही." ऑर्डरचं नाव त्यांनी काढलं नाही. मीच रात्रभर काढत होते.

म्हणून या पाकिटात जबाबाची दुसरी प्रत ठेवली आहे. प्रत्येक पानावर माझी सही आहे, मागे प्रज्वलची आहे. सोमवारी सकाळी दहाला चौकशी आहे. तुम्ही या. त्यांनी माझा जबाब काढला नाही, तर ही प्रत टेबलावर ठेवा. आणि समजा तिथे मला विचारलं, "हा तुमचा जबाब आहे का?" आणि मी खाली बघितलं, गुळमुळीत काही बोलले, तरी प्रत मागे घेऊ नका. सही दाखवा आणि मोठ्याने वाचायला लावा. दोन आठवड्यांत मी सगळ्यांवर संशय घेतला. फक्त जिच्यावर घ्यायला हवा होता तिच्यावर घेतला नाही. सोमवारपर्यंत तुम्ही तो घ्या.

माफी इथे मागत नाही. ती सगळ्यांसमोर मागायची आहे.

तुमचा दोष नाही हे पहिल्या दिवसापासून माहीत असलेली,
आम्रपाली