रिकाम्या गोलचा इतिहास

५ जानेवारी २०२६, सोमवार

पडलं माझ्या गळ्यात! खेड कॉलेज विरुद्ध महाड कॉलेज — इथं आखातात आलेल्या त्यांच्या माजी विद्यार्थ्यांच्या फुटबॉल सामन्याचं यंदा पंचविसावं वर्ष. स्मरणिकेसाठी इतिहास मी लिहायचा. "मृणाली, तुझं मराठी बरं आहे." म्हणजे बाकी कुणाला वेळ नाही.

इतिहास तसा सोपा. दर जानेवारीत बुदैयाच्या मैदानावर सामना, जिंकेल त्याला कॉफीची पितळी किटली, मग सगळ्यांना बिर्याणी. करोनात खंड. भानगड फक्त पहिल्या सामन्याची. महाड एक-शून्यनं जिंकलं, आणि खेडचे गोलकीपर होते माझे बाबा.

९ जानेवारी

बाबांना विचारलं. "लिहायचं तर खरं लिही. अलीमियाँनं फसवलं!"

गोष्ट मला पाठ आहे. बाबा ड्रायव्हर म्हणून नुकते इथं आलेले. खेळ चालू असताना महाडचे अलीमियाँ ओरडले, "खलास!" बाबांना वाटलं, सामना संपला. ग्लव्ह्ज काढून चालू लागले. अलीमियाँनी रिकाम्या गोलमध्ये बॉल मारला. तेव्हापासून बाबा मैदानावर जात नाहीत. दोघं राहतात एकाच मोहल्ल्यात, नईममध्ये! अलीमियाँ समोरून आले की बाबा रस्ता ओलांडतात.

१ फेब्रुवारीला बाबा कायमचे गावी चालले. हे असंच ठेवून जाणार? मला नाही बघवत.

१३ जानेवारी

अलीमियाँ चाचांच्या अत्तराच्या दुकानात गेले. आधी चहा, मग विषय.

"अगो, आमचा नझीर पंचाशी भांडत होता. त्याला म्हटलं, खलास! म्हणजे पुरे, सोड. इथं दिवसातून शंभरदा म्हणतात. दाजीला, तुझ्या बापाला, कसं कळणार? येऊन आठवडा झालेला."

"मग गोल का मारलात?"

"बॉल पायात आला. समोर कोणी नाही. तू काय केलं असतंस?"

मला हसू आवरेना. त्यांचे मात्र डोळे भरले. "इथं आला तेव्हा पहिलं जेवण माझ्या घरी जेवला. सांग त्याला, यंदा तरी ये."

१४ जानेवारी

निरोप दिला. बाबा म्हणाले, "मफी!" नाही म्हणायचं अरबी बरं जमतं!

१९ जानेवारी

लिहून टाकलं — 'एकच शब्द. बोलणाऱ्यानं अरबीत म्हटला, ऐकणाऱ्यानं मराठीत ऐकला. फसवणूक कुणाचीच नाही.' बाबांना वाचून दाखवलं. वाटलं, चिडतील. ताटावरून तसेच उठले. मीच चिडले — "आता तरी सोडा ना!" लेख छापायला पाठवला.

३० जानेवारी, शुक्रवार

आज सामना. बाबा मैदानावर आले! सरळ अलीमियाँ चाचांसमोर जाऊन उभे राहिले.

"अली, तो शब्द मला तेव्हाही कळला होता. बॉलच दिसत नव्हता रे. दोन अंदाजानं अडवले. तिसरा सुटला असता तर? कंपनीची माणसं बघत होती — आंधळा ड्रायव्हर कोण ठेवील? तू खलास म्हणालास, मला निमित्त मिळालं. पहिल्या पगारात चष्मा केला. पण तुला तोंड दाखवायची लाज वाटायची."

चाचांनी त्यांना घट्ट मिठी मारली. दोघंही रडले, मीसुद्धा. मागे माझा इतिहास हातोहात वाटला जात होता.