बाबांचं रक्त आणि सायकलची सीट

तीर्थरूप आत्यास मुन्ग्युचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? लसणाची काढणी झाली का? झाली नसेल तरी वाकू नकोस, माणसं लाव.

माझं आयुष्य बदललं ते बाबांच्या दंडाला रबरी पट्टा बांधला गेला त्या क्षणी. बांधणारी नर्स ओक्बिन. “वडिलांना किती जपता,” म्हणत तिने माझ्याकडे पाहिलं. (तिच्याबद्दल आणखी लिहिणार नाही. बोटं लांब आहेत, एवढंच.) मातापित्यांच्या दिवशी कार्नेशनच्या फुलासोबत मी बाबांना तपासणीचं कूपन दिलं होतं, तेव्हा तू फोनवर रडली होतीस. कॉलेज सोडलं तरी पोरगं वाया गेलं नाही, म्हणालीस.

तर रक्तातला प्रोस्टेटचा आकडा (पीएसए म्हणतात त्याला) जास्त आला. डॉक्टर म्हणाले, जास्त म्हणजे कॅन्सरच असं नाही, आणि नाहीच असंही नाही. मी टेबलावर मूठ आपटली. त्यांनी शांतपणे कॉफीचा कप बाजूला घेतला आणि बाबांना विचारलं, सायकल चालवता का? (सायकलच्या दुकानदाराला!) त्या दिवशीही बाबा नदीकाठाने सायकल हाणतच आले होते. सीटच्या दाबानेही आकडा चढू शकतो म्हणे. काही दिवस सायकल बंद, मग पुन्हा रक्त.

बाबांनी सोयीचं तेवढं ऐकलं. दोष सीटचा, म्हणून दुकानातल्या सगळ्या सीटा बदलून पाहिल्या, आणि बरी कुठली ते कळावं म्हणून चालवूनही पाहिल्या. मी सीटा लपवल्या, तर त्यांनी उभ्याने पॅडल मारत मासळीबाजार गाठला. शेवटी मी साखळ्याच काढल्या. तेव्हापासून चालतात, आणि माझ्याशी बोलत नाहीत. “स्वतः परीक्षा टाळून पळालास, आणि मला दुसऱ्यांदा बसवतोस?” हे शेवटचं वाक्य. आत्या, ते घाबरलेत. ते फक्त तुझंच ऐकतात. फोन कर आणि दटाव.

तुझा,
मुन्ग्यु

ता. क. कूपन मी त्याच दवाखान्याचं घेतलं, कारण ओक्बिन तिथे होती. तुझं रडणं परत घ्यायचं असेल तर घे.

आणखी ता. क. फोन नको. आत्ताच बाबा दारात येऊन म्हणाले, “मी दवाखान्यात विचारून घेतलंय. तुझी ती नर्स लग्न करून बुसानला गेली. आता कशाला न्यायचंय मला?”

मी म्हटलं, “तुमच्यासाठी.”

ते वाकून बूट शोधू लागले. म्हणाले, “चल तर. बसने जाऊ.”

आज पुन्हा रक्त देणार, निकाल शुक्रवारी आहे. तू ये. त्यांना धीर द्यायला मी आहे, मला कुणीतरी हवं. ते बूट घालून बाहेर उभे आहेत. पत्र खिशात घालतो, दार ओढून घेतो आणि निघतो.